खंडेनवमीला धुतलेली डिस्क

जिंतूरला कॉलेजात असताना मी भंगारातले सुटे भाग जोडून कॉम्प्युटर उभा केला होता. त्यावरून ताडकळसच्या मित्राशी तासन्‌तास चॅट चालायचं. फोनची लाइन सारखी तुटायची, एक वाक्य पोचेपर्यंत चहा गार व्हायचा, तरी आम्ही हटायचो नाही. त्या सगळ्या गप्पा जुन्या हार्ड डिस्कमध्ये पडून होत्या.

यंदा कितीतरी दिवस डोकं खाऊन, वायरी सोल्डर करून मी ती डिस्क पुन्हा फिरवली. फायलींची नावं दिसली. कॉपी उद्या करू म्हणून डिस्क काढून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातली सगळी अवजारं धुऊन पूजायची. आईनं विळे, खुरपी, नट आवळायचे पाने घासले आणि त्यांच्यासोबत माझी डिस्कही घमेल्यात बुचकळून काढली. वर हळदीकुंकू, झेंडूचं फूल.

"अगं, हे काय केलंस?" मी ओरडलोच.

"तुझं अवजार न्हाई का ते? त्यालाच कसं वगळू?"

आता हिच्यावर चिडायचं तरी कसं? डिस्क जोडून पाहिली, तर हूं नाही की चूं नाही.

तणतणत मी त्या डिस्कचा फोटो काढला आणि मित्राला पाठवला. खाली लिहिलं, "आपल्या सगळ्या गप्पा ह्यात होत्या रे." हल्ली लाइन कधी तुटत नाही, आणि त्याच्याकडून येतात ती फक्त शुभ सकाळची फुलं.

उत्तर लगेच आलं. जोडलेले हात, आपट्याची पानं आणि खाली, "तुम्हाला व तुमच्या परिवारास दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा."