बुरशीताईंचा दुसरा अहवाल

आमच्या घरात बुरशी आलेला पाव सरळ कचऱ्यात जात नाही. तो आधी माझ्या नणंदेला दाखवावा लागतो. त्या तो तुकडा खिडकीशी नेतात, उलटासुलटा करून बघतात आणि निकाल देतात, "नेहमीचीच आहे गं. टाक." एखाद्या दिवशी मात्र "थांब थांब" म्हणत तोच पाव कागदात गुंडाळून पर्समध्ये घालतात. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मला अगदी शिसारी आली होती. आता मीच हाक मारते, "वन्सं, लिंबावर काहीतरी निळं आलंय, बघताय का?"

वन्सं गेली तीस वर्षं फळपिकांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत आहेत. शास्त्रज्ञ नव्हेत, सहायक. बागवाले आजारी झाडाचा तुकडा पाकिटात घालून पाठवतात. त्या तुकड्यातली बुरशी काचेच्या बशीत वाढवायची आणि ती कोणती, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं, हे वन्संचं काम. कागदावर सही मोठ्या मॅडमची असते, डोळे वन्संचे. गल्लीत सगळे त्यांना बुरशीताई म्हणतात आणि त्या खुशाल ओ देतात. लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं. म्हणाल्या, "मला एका बुरशीचं नाव सांगायला दहा दिवस लागतात. मागणी घालणाऱ्यांना दहा मिनिटांत उत्तर हवं असायचं."

विसरलेला डबा द्यायला मी पहिल्यांदा त्यांच्या प्रयोगशाळेत गेले, तेव्हा वाटलं, चुकून कुणाच्या स्वयंपाकघरातच शिरले. पातेल्यात बटाटे उकळत होते, शेजारी भलामोठा कुकर शिट्टीच्या बेतात होता. बटाट्याचं पाणी, साखर आणि घट्टपणासाठी शेवाळाची पूड, असं मिश्रण बशीत ओतलं की जेलीसारखं थिजतं. ते बुरशीचं जेवण. वन्सं एवढंच म्हणाल्या, "बटाटा कोणाला आवडत नाही?"

गेल्या वर्षी पाकिटांचा नुसता पूर आला होता. त्यातलं एक पाकीट एका शिंपीकाकांचं. जन्मभर कपडे शिवले, मग मशीन विकून घरामागच्या उतारावर द्राक्षं लावली. तेरा रांगा, रांगेत चोवीस वेली. मापाची टेप अजून गळ्यात असते, गेली नाही. त्या वर्षी त्यांच्या वेलींची पानं आक्रसली, फांद्या एकेक करून वाळायला लागल्या. काकांनी मनापासून निवडून, बागेतला सगळ्यात वाळलेला, खडखडीत मेलेला तुकडा पाठवला.

सगळे असंच करतात. वाटतं, जिथे जास्त सडलंय तिथे रोग जास्त दिसेल. पण मेलेल्या लाकडात खरा चोर राहत नाही. तो कधीच पुढे सरकलेला असतो आणि मागे उरतात त्या फुकट जेवायला आलेल्या बुरश्या. तुकडा हवा तो जिवंत आणि मेलेलं भेटतात त्या कडेचा. कड नसेल तर पाकीट परत पाठवायचं. नव्या मुलींना हे वन्संच शिकवतात.

काकांच्या तुकड्याला कड नव्हती. पण त्या दिवशी दोन सहायक रजेवर होत्या, टेबलावर पाकिटांचा ढीग होता. वन्संनी सहा कपच्या काढल्या, धुतल्या आणि बशीत ठेवल्या. चौथ्या दिवशी सगळ्या बशीवर पांढरा-गुलाबी कापूस पसरला. सूक्ष्मदर्शकाखाली चंद्रकोरीसारखे बीजाणू दिसले. म्हणजे मर रोग. मातीतून येतो, त्याला औषध नाही. वेली उपटा, विलंब करू नका, त्या मातीत काही वर्षं द्राक्षं लावू नका. मॅडमची सही झाली, अहवाल गेला.

जुन्या बशा धुण्याआधी कुकरमध्ये घालून त्यातली बुरशी मारावी लागते. पंधराव्या दिवशी वन्सं त्या गोळा करत होत्या. टाकण्याआधी प्रत्येकीकडे एकदा बघायची त्यांची सवय आहे. काकांच्या बशीत एका कपचीच्या कडेला, कापसाखाली दबलेला, मसुराच्या दाण्याएवढा हिरवट-काळा ठिपका होता. हळू वाढणारी दुसरीच बुरशी. तिला मान वर काढायला दोन आठवडे लागले होते आणि वन्संनी निकाल चौथ्या दिवशी दिला होता.

संध्याकाळी वन्सं मुकाट्याने जेवल्या. आमटीत मीठ नव्हतं, तरी एक शब्द नाही. तेव्हाच मी ओळखलं.

"काय झालं?"

"मी बहुतेक एका माणसाची बाग घालवली," त्या म्हणाल्या आणि सगळं सांगितलं.

"मग फोन करा ना आत्ता!"

"काय सांगू? बुरशीताईंना शंका आलीये?"

"अगदी हेच सांगा. शंका मागे घेता येईल. वेल उपटल्यावर काय घ्याल?"

त्यांनी फोन लावला. काकांचा आवाज एवढा मोठा, की मला भांडी घासता घासता ऐकू येत होतं.

"सोमवारी मशीन येतंय ताई, वेली उपटायला."

"आज शुक्रवार आहे. मशीनला नको म्हणा."

"अहो, तुमच्याच कागदावर लिहिलंय, विलंब करू नका! शेजारचा रोज कुंपणाशी येऊन विचारतो, कधी काढताय. त्याचीही बाग आहे हो."

"तो कागद माझ्या हातचा आहे. माझं चुकलं असेल."

मग काका एकदम हळू बोलले; काय, ते वन्संनी फोन ठेवल्यावर मला सांगितलं. तीन रांगा त्यांनी कुदळीने आधीच काढल्या होत्या.

शनिवारी वन्सं मॅडमसमोर उभ्या राहिल्या. मॅडम चौतिशीच्या, शिस्तीच्या.

"सही माझी, आणि अहवाल फोनवरून तुम्ही मागे घेतलात? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही सोमवारी बैठक ठेवली असती. मशीनही सोमवारीच येणार होतं."

मॅडमना हसू आवरेना, पण पुढचा प्रश्न खरा होता. "आणि मरच निघाली तर? शेजाऱ्याच्या बागेचं काय?"

"म्हणून उद्या जाऊन एक वेल बुडापासून कापून बघते. मातीतून आलेली असेल तर बुडात दिसेलच."

"उद्या रविवार आहे."

"वेलीला कुठे ठाऊक आहे?"

मॅडमनी दोन आठवडे दिले. तेवढ्यात दुसरा पुरावा आला नाही, तर पहिला अहवाल कायम.

रविवारी वन्सं मला म्हणाल्या, "चल सोबतीला." सोबत म्हणजे पिशव्या उचलायला, हे मी जाणून होते. बागेच्या वरच्या अंगाला तीन रांगांच्या जागी नुसते खड्डे होते. वन्सं तिथे थांबल्या, एकेक खड्डा बघत गेल्या. मग काकांनी चौथ्या रांगेतली एक आजारी वेल दाखवली आणि करवत लावली.

कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "काय काका, वेलीचं माप घेताय?"

"तुझ्या जिभेचं घ्यायचंय, ये इकडे!"

बुडाचा काप स्वच्छ निघाला, सोललेल्या बदामासारखा. वीतभर वर, तोही स्वच्छ. आणखी वर मात्र लाकडात तपकिरी पाचर होती, खाली निमुळती, वर रुंद. ती जाऊन भिडत होती अंगठ्याएवढ्या एका जुन्या छाटणीच्या जखमेला.

"ही कधीची?" वन्संनी विचारलं.

"पाच वर्षं झाली असतील. चांगल्या जाड फांद्या काढल्या होत्या."

"वर लेप लावला होता?"

काकांनी टेप एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. "त्या आठवड्यात पाऊस लागून राहिला होता. मग राहून गेलं."

"इथून शिरलीये. वरून खाली उतरतेय काका, मातीतून वर येत नाही. असं मला वाटतंय. खात्री बशीत होईल. आता मला तुकडे द्या."

काकांनी लगेच सगळ्यात काळा भाग धरला.

"तो नको! इथला, जिथे पांढरं आणि तपकिरी भेटतं."

"म्हणजे शिवणीवरचा!" काका चिडलेच. "मग आधी सांगायचं नाही का? कापड किती विरलंय बघायला आम्ही भोक बघतो होय? भोकाची कड चाचपतो!"

"सांगायला हवं होतं," वन्सं म्हणाल्या. "आमच्या पाकिटावर नुसतं 'रोगट भाग पाठवा' एवढंच छापलंय." ते पाकीट मॅडमनी पुढे बदललं, पण त्या दिवशी काकांचं तेवढं बोलणं वन्संना ऐकावं लागलं आणि त्यांनी ऐकलं.

पाच वेलींच्या तीस बशा लागल्या. चौथ्या दिवशी वन्सं खुशीत घरी आल्या. "आज काहीच उगवलं नाही!" माझे यजमान म्हणाले, "काही झालं नाही म्हणून खूश होणारी माझी बहीण जगात एकटीच असेल." पण कापूस पसरला नव्हता, हीच चांगली खूण होती. काका रोज फोन करायचे. वन्सं रोज सांगायच्या, "अजून नाही." आठव्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आले. बाराव्या दिवशी तीसपैकी बावीस बशांत तीच हिरवट-काळी बुरशी होती. मॅडमनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ काढला नाही. मग म्हणाल्या, "लिहा."

वन्संनी पहिलंच वाक्य लिहिलं: 'यापूर्वीचा अहवाल चुकीचा होता. नमुना तपासण्याजोगा नव्हता, तो परत पाठवायला हवा होता.'

"'चुकीचा'ऐवजी 'अपुरा' म्हणू या का?" मॅडमनी विचारलं.

"अपुऱ्या कागदावरून कुणी बहात्तर वेली खणल्या नसत्या."

मॅडमनी सही केली.

उपाय होता, पण सोपा नव्हता. थंडीत वेली निजल्या की प्रत्येक खोड स्वच्छ लाकूड लागेपर्यंत खाली कापायचं, कापावर लेप द्यायचा, कापलेलं जाळायचं. बुडाशी नवा फुटवा आला की त्यालाच नवं खोड म्हणून वाढवायचं. दोन वर्षं फळ नाही.

"दोन वर्षं?" काका फोनवर ओरडले. "ताई, माझं वय माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून म्हणते, लवकर करवत घ्या."

उरलेल्या दोनशे चाळीस वेली काकांनी कापल्या. शेजाऱ्यानेही येऊन दोन रांगा कापून दिल्या, आणि मग तो आपल्या बागेतल्या जुन्या जखमा तपासायला गेला. ऊन तापायला लागलं तसे बुंध्यांना कोंब फुटले. तेवीस वेली फुटल्या नाहीत. बाकीच्या अशा फुटल्या की काका वेगळ्याच पेचात पडले. एकेका बुंध्याला चार-पाच कोंब, आणि ठेवायचा एकच.

"सगळेच चांगले दिसतात हो. कुठला मोडू?" त्यांनी फोन केला, आणि आम्ही दोघी पुन्हा बागेत गेलो.

वन्सं गुडघे टेकून बसल्या. "हा ठेवा. बुडाजवळचा, सरळ. बाकीचे काढा."

"तुम्हीच काढा ना."

"मी दाखवते. काढायचे तुम्ही. बाग तुमची आहे."

पहिल्या वेलीला काकांनी इतका वेळ लावला की मी सावली शोधून बसले. दुसरी जरा लवकर झाली. रांग अर्धी होईतो वन्संनी बोट करायच्या आत त्यांचा हात पुढे जायला लागला. एका वेलीशी ते खाली वाकले, दोन कोंब चिमटीत धरून बघितले आणि एक निवडला.

"हा ना?"

"मी त्याच्या डावीकडचा घेतला असता," वन्सं म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "पण तुमचाही जोमदार आहे. तोच ठेवा."