पासिंग झालेली गाडी

ती दुपार आठवली की अजूनही माझा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जातो. पोलीस खात्यात इतकी वर्षं काढली, जमावासमोर उभा राहिलो, चाकू हातात असलेल्या माणसाशी बोललो. पण त्या दिवशी ठाण्यापासून दूर, एका मोबाइलवर बोलताना जी भीती वाटली, तशी पुन्हा कधी वाटली नाही.

निवृत्तीआधीची माझी नेमणूक हिंगोली जिल्ह्यात होती. एका ठाण्याचा प्रभारी होतो. सुरुवात झाली ती एका अपघातापासून. मंडप-डेकोरेशनचा धंदा करणारा एक माणूस बायको आणि सासूला घेऊन सिद्धेश्वर धरणाकडे निघाला होता. उतारावर गाडी आवरली नाही, रस्ता सोडून शेताच्या बांधावर जाऊन आदळली. सासू दवाखान्यात पोचण्याआधीच गेली. पंचनामा झाला, जबाब झाले आणि निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंद झाला. गाडीचं पासिंग जेमतेम महिन्यापूर्वीचं होतं. आमच्याकडे पिवळ्या पाटीच्या जुन्या सात-आसनी गाड्या बरेच जण घरच्या वापराला घेतात आणि लग्नसराईत भाड्यानेही देतात. अशा गाडीला दरवर्षी परिवहन कार्यालयात नेऊन तपासून घ्यावं लागतं. त्यालाच लोक पासिंग म्हणतात. ताजं पासिंग असल्यावर गाडीला दोष देणार कोण?

तो माणूस जबाबात एकच वाक्य बोलत होता. "माझ्याच हातून झालं, साहेब." त्याची बायको मात्र डोक्याला पट्टी बांधलेली असतानाही ठाम होती. "ह्यांनी ब्रेक दाबला व्हता. म्या पायाकडं पाह्यलं. पाय पार खाली गेलता."

बायको नवऱ्याच्या बाजूने बोलणारच, असं आमच्या तपासी अंमलदाराला वाटलं. मी जबाब वेगळा काढून ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यात सकाळची हजेरी चालू असताना एक पन्नाशीपुढचा माणूस व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसला. हजेरी संपली, कर्मचारी आपापल्या कामाला गेले, तरी तो उठेना. अशी माणसं मी ओळखतो. तक्रार करणारा घाईने आत येतो. खबर देणारा बाहेर बसून राहतो. मी त्याला माझ्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मंडपवाल्याला ती गाडी ज्यानं इकली ना, हिंगोलीतला जुन्या गाड्यांवाला," तो म्हणाला, "तो माझा सख्खा धाकटा भाऊ."

"बरं."

"गाडी पासिंगला जायच्या दिवशी नवे कपडे घालती, साहेब. पास झाली की माघारी येऊन काढून ठेवती. चांगले टायर, ब्रेकचं सारं सामान, एकच जोड हाय त्याच्याकडं. हिच्यातून काढायचं, तिच्यात घालायचं. गिऱ्हाइकाच्या हाती जुनं देऊन राहिला तो."

"हे तुम्ही आज काहून सांगता?"

त्याने लावलेल्या दाराकडे एकदा पाहिलं. "त्या म्हातारीच्या मातीला गेलतो मी. आमच्या नात्यातली व्हती. माझं नाव कुठं येऊ देऊ नका."

ते नाव मी आजही लिहिणार नाही.

खबर पक्की वाटत होती, पण पुरावा काय? तपासणीच्या दिवशी गाडीत खरोखरच चांगलं सामान होतं. तपासणाऱ्यांनी जे पाहिलं ते खरं होतं आणि प्रमाणपत्रही खरं होतं. अपघातातल्या गाडीचा पुढचा भाग असा चेपला होता की ब्रेक आधीच निकामी होते की धडकेने झाले, हे तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय सांगता येत नव्हतं, आणि अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर अशी आणखी एखादी गाडी रस्त्यावर असेल तर? हा प्रश्न मनात आला आणि जेवणाचा डबा तसाच राहिला.

मी एक हवालदार आणि शिपाई सोबत घेऊन त्या विक्रेत्याच्या आवारात गेलो. गोड बोलणारा माणूस होता. खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं.

"गाडी पास व्हती साहेब, बराबर तपासून. मी काय गुन्हा केला? चालवणाऱ्याला चालवता आली न्हाई, त्याला मी काय करू?"

तासभर हेच चाललं. आवाज चढवून उपयोग नव्हता, त्याचं उत्तर पाठ झालेलं होतं. आवारात मध्यभागी एक पांढरी सात-आसनी गाडी धुऊनपुसून उभी होती.

"हिचं पासिंग?" मी विचारलं.

"परवाच झालं. एकदम कंडिशन गाडी."

"मग किल्ली द्या. सिद्धेश्वरच्या उतारापर्यंत जाऊन येऊ. मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. वाटेत बोलू."

तो हसला. मग म्हणाला, "माझ्या कमरेला तकलीफ हाय साहेब."

"मागे आडवे व्हा."

"तुमच्या सरकारी गाडीत बसतो ना. मागं मागं येतो."

मी किल्ली घेतली, चालकाच्या जागी बसलो आणि शेजारचं दार आतून उघडलं. हवालदाराने त्याच्या पाठीवर हलकेच हात ठेवला. त्या माणसाने दाराची कड धरली, ती सोडेना. एक पाय आत, एक पाय मातीत. कपाळावरून घामाची धार लागली होती. मी गाडी सुरू केली आणि तो खाली बसला, गाडीत नव्हे, जमिनीवर.

"नका नेऊ साहेब ही गाडी. उतारावर नका नेऊ."

मी इंजिन बंद केलं.

"अशी दुसरी कोणती गाडी रस्त्यावर आहे?"

"बाकीच्या जवळपासच फिरत्यात, त्यांचे पत्ते देतो. पण एक आज सकाळीच गेली. गोरेगावकडची नर्सबाई. आई-बापाला घेऊन सिद्धेश्वरला चालली म्हणत व्हती. मघाशी फोन आलता तिचा, ब्रेक जरा खाली जातो म्हणून."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, नवीन गाडी हातात बसंस्तोवर तसंच वाटतं."

त्याच्याच मोबाइलवरून तो नंबर लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी उताराच्या अलीकडे बंदोबस्ताला असलेल्या अंमलदाराला वायरलेसवर गाठलं. विक्रेत्याला विचारून गाडीचा रंग आणि क्रमांक सांगितला, तीही पांढरीच होती. "दिसली की" इथपर्यंत बोललो आणि थांबलो. "थांबवा" हा शब्द तोंडावर आला होता. पोलिसाने रस्त्यात उभं राहून हात केला, तर ती बाई काय करणार? जोरात ब्रेक दाबणार.

"गाडीला हात करू नका," मी सांगितलं. "उतारावरची आणि पुलावरची बाकीची वाहनं बाजूला घ्या. रस्ता मोकळा ठेवा."

त्याचं उत्तर आलं, "साहेब, पांढरी गाडी आत्ताच पुढे गेली. उताराकडे."

मी पुन्हा नंबर लावला. या वेळी फोन उचलला गेला. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

"हालो, कोन?"

"आई, मी पोलीस ठाण्यातून बोलतो. घाबरू नका. फोन लेकीच्या कानाला लावा."

"ती गाडी चालवून राहिली. मंग करा फोन."

"आई, आत्ताच लावा. लगेच."

काहीतरी खडखडलं आणि मुलीचा आवाज आला. मी ओळख सांगितली. शक्य तितक्या सावकाश बोललो. "ताई, उतार लागला का?"

"आत्ताच लागला. सर, ब्रेक लागत न्हाई नीट."

"लागणार नाही. पुन्हापुन्हा दाबू नका. कितव्या गिअरमध्ये आहात?"

"चौथ्या."

"तिसरा टाका. गाडी ओरडेल, ओरडू द्या. इंजिन बंद करायचं नाही."

इंजिनचा आवाज चढला. मागून तिचे वडील काहीतरी विचारत होते, आई नागनाथाचं नाव घेत होती.

"आता दुसरा. क्लच सावकाश सोडा. रस्ता मोकळा आहे, समोरून कोणी येणार नाही."

हे मी बोललो खरं, पण रस्ता खरोखर मोकळा झाला होता की नाही, मला माहीत नव्हतं. हवालदार वायरलेस कानाला लावून उभा होता. त्याने होकाराची मान हलवली.

"आता हॅन्डब्रेक. एकदम ओढू नका, थोडा थोडा वर घ्या. डाव्या बाजूच्या मातीच्या कडेला गाडी घासत न्या."

"सर, वळण—"

मग घासल्याचा लांबलचक आवाज आला. काच फुटली. आणि काही नाही. ना रडणं, ना हाक. मी फोनमध्ये "ताई, ताई" म्हणत राहिलो. आवारातला तो विक्रेता गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

शेवटी म्हातारीचाच आवाज आला. "थांबली बापा. गाडी थांबली."

मी वायरलेसवर अंमलदाराला तिकडे धाडलं. तिघांनाही किरकोळ खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

विक्रेत्याला अटक झाली. त्याने दिलेल्या पत्त्यांवर त्याच दिवशी आमचे लोक गेले आणि बाकीच्या गाड्या दारातच उभ्या करायला लावल्या. आवारातल्या पत्र्याच्या शेडमधून टायर आणि ब्रेकच्या सामानाचा तो एकमेव चांगला जोड पंचांसमक्ष जप्त केला. तज्ज्ञाचा अहवालही पुढे आमच्या बाजूने आला. मंडपवाल्यावरचं कलम निघालं, तो आरोपीऐवजी साक्षीदार झाला. हे सांगायला मी त्याला ठाण्यात बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे म्या दाबला व्हता ना ब्रेक?"

"दाबला होता."

"मला वाटाया लागलं व्हतं, दाबलाच नसंल." मग तो टेबलावर डोकं टेकवून रडला. त्याची बायको दाराशी उभी होती. ती आत आली नाही.

आम्ही पोलीस चौकशीत समोरच्याला भीती दाखवतो, तीच आमची रीत. या प्रकरणाने मला शिकवलं की भीती दाखवण्याआधी, त्या माणसाच्या पोटात आधीच कोणती भीती बसली आहे ते शोधावं. आपण विकतो त्या गाडीत स्वतः बसायला जो घाबरतो, त्याने सगळं सांगितलेलंच असतं. फक्त ते त्याच्या तोंडून ऐकायची वाट पाहायची नसते.

नर्सबाईंची गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी होती. डावी बाजू दारापासून शेपटापर्यंत खरवडलेली, काच फुटलेली. माझ्या निवृत्तीच्या दिवशी निरोप घेऊन निघताना तिच्यापाशी थांबलो. चाकांभोवती गवत वाढलं होतं. कागदोपत्री तिचं पासिंग अजून संपलं नव्हतं.