फाटकाबाहेरचे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंइतका माल या रायगड जिल्ह्यात कुणी हलवला नसेल आणि त्यांच्याइतक्या रिकाम्या हातांनी कुणी घरी परतलं नसेल. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मालगाडीवर गार्ड म्हणून त्यांनी उभी हयात काढली. कोळसा, खत, लोखंडाची भेंडोळी, बंदरात उतरलेले कंटेनर, सगळं त्यांच्या पुढे धावलं आणि हे आपले मागे, शेवटच्या डब्यात, हादरे खात बसले. निवृत्तीच्या तोंडावर गार्डांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं ठरलं, तेव्हा आम्ही पेढे मागायला गेलो. "नाव बदललं म्हून डबा पुढं जोडनार हायत का?" एवढंच म्हणाले. पेढे काही मिळाले नाहीत.

त्यांचं घर पेणजवळ, भातखाचरांच्या कडेला. परसातून रूळ दिसतात. तिथे गेलं की चहा आणि प्रश्न बरोबरच येतात. प्रश्न ठरलेला: ती समोरून चाललीये ती मालगाडी कुणाची? नवखा पाहुणा 'रेल्वेची' म्हणून मोकळा होतो आणि तिथेच अडकतो. कारण मग साडूभाऊ मांडी घालून बसतात. रूळ रेल्वेचे खरे, पण त्या वळणापलीकडे कारखान्याचे, म्हणजे त्यांची खासगी साईडिंग. इंजिन रेल्वेचं, डबे भाड्याने लावलेले, भलत्याच कंपनीचे. आतला माल तिसऱ्याचा आणि बंदरावरची क्रेन चौथ्याची. हे नीट कळावं म्हणून ते बशीचं बंदर करतात, चमच्याचं इंजिन करतात आणि त्यामागे बिस्किटांची रांग लावतात. गाडी बंदराला लागेपर्यंत बिस्किटाला हात लावायचा नाही. माझ्या मेहुण्याने एकदा भुकेच्या भरात मधलाच एक कंटेनर चहात बुडवून खाल्ला, तर साडूभाऊंनी सगळी गाडी मागे घेतली आणि पनवेलपासून पुन्हा सुरुवात केली. त्या दिवशी आम्ही जेवायलाच थांबलो. शेवटी मात्र ते नेहमी एकच सांगतात, "इतके मालक, तरी गाडी चालते, भाऊ. का? तर परत्येकाला आपापली हद्द ठावी हाय."

ही हद्द त्यांनी घरातही आखली होती. स्वयंपाकघर ही अक्काची साईडिंग. बाजारातून आले की उंबऱ्याबाहेर पिशवी ठेवायची, चौकटीवर टकटक करायची, "गाडी लावली" म्हणायचं आणि तपासणी होईपर्यंत तिथेच उभं राहायचं. किडकं वांगं निघालं तर तेव्हाच सांगायचं. एकदा पिशवी आत गेली की साडूभाऊंची जबाबदारी संपली. एकदा अक्का परसात होती आणि शेगडीवर दूध वर यायला लागलं. साडूभाऊ उंबऱ्याशी उभे. त्यांनी "दूध आलं! दूध आलं!" म्हणून असा ओरडा केला की शेजारचे दोघे धावून आले. पण आत पाऊल टाकून त्यांनी बटण काही फिरवलं नाही. सगळं दूध ओट्यावर. "मानूस हाय का सिग्नलचा खांब?" अक्काने विचारलं. साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "सूचना वेळेवर दिली व्हती."

आम्ही हसायचो. आमचं काय जात होतं? पण त्यांच्या सायलीचं लग्न झालं आणि ते हसणं हळूहळू कमी झालं. ही त्यांची एकुलती एक लेक. उरणकडच्या एका घरात दिली. त्या लोकांची पूर्वी मिठागरं होती, आता ट्रेलर आहेत, आणि जावई कंटेनर यार्डात कामाला. माणसं मोकळी, मोठमोठ्याने बोलणारी, ताटात मासळी वाढताना हात न आखडणारी. साडूभाऊ पहिल्यांदा लेकीला पोहोचवायला गेले ते आवाराच्या लोखंडी फाटकापर्यंत. तिथे बॅग तिच्या हातात दिली, डोक्यावर हात ठेवला आणि उलट फिरले. विहीणबाई ओट्यावरून हाका मारतायत, "अवो व्याही, भाईर कनाला उबं? आत या, पानी तरी घ्या!" आणि हे बाहेरूनच हात जोडतायत, "न्हाय, न्हाय, बरं हाय."

आम्हाला वाटलं, जुनी रीत असेल. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी न घेणारी माणसं आमच्याकडे अजून आहेत. पण सायलीला मुलगा झाला, बारसं ठरलं, तरी साडूभाऊ इस्त्रीचा सदरा घालून फाटकाबाहेरच. येणारे पाहुणे त्यांना गाडी कुठे लावायची ते विचारत होते आणि तेही मन लावून सांगत होते. तासाभरात त्यांनी सबंध गल्लीत अशी शिस्त लावली की एका पाहुण्याने जाताना त्यांना बक्षिसी देऊ केली. मी चिडलो. म्हटलं, "साडूभाऊ, हा काय तमाशा?" तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, कारखान्याच्या फाटकापर्यंत गाडी न्यायची, ताबा द्यायचा. आत त्यांचं इंजिन, त्यांची मानसं. आपन आत शिरून लुडबुड केली, तर अपघात व्हतो. आन् त्यो आपल्याला न्हाय, आतल्या डब्यांना व्हतो."

ते मनापासून बोलत होते. बाप आत आला, काही चुकीचं बोलला, तर भोगायला लागेल लेकीला, एवढी साधी भीती त्यांनी रेल्वेच्या नियमात बांधून ठेवली होती. पण सायलीला ते कसं कळावं? जावयाने वरचा मजला खास तिच्यासाठी बांधला होता. ती एकदा मला म्हणाली, "काका, सगळ्यांनी माझं घर बघितलं. बाबांनीच नाही." एवढं बोलून ती भांडी लावायला लागली.

मग जावयाला थेट विशाखापट्टणमच्या बंदरात नोकरी लागली. बिऱ्हाड हलणार, वरच्या मजल्यावर भाडेकरू येणार असं ठरलं. निघण्याआधीच्या रविवारी माझ्या गाडीतून आम्ही सगळे गेलो. अक्का, मी, बायको आत गेलो. साडूभाऊ घरच्या तांदळाची गोणी घेऊन फाटकाशी थांबले. सायली पोराला कडेवर घेऊन खाली आली, पण तिने गोणीला हात लावला नाही.

"बाबा, तुम्हीच सांगत होता ना, आता नवी पद्धत आलीये? इंजिन डबे सोडून फाटकावरून परत फिरत नाही. गाडीला लावलेलंच आत येतं आणि माल उतरेपर्यंत आत थांबतं."

पद्धत खरी होती. शेवटची काही वर्षं साडूभाऊंनी स्वतः अशाच गाड्या नेल्या होत्या.

"समद्या साईडिंगांना लागू न्हाय ती," ते कसेबसे म्हणाले. "आधी करार करावा लागतो."

"मग करा ना करार!" सायली म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

आईला रडताना बघून पोरगंही रडायला लागलं. साडूभाऊ गोणी धरून तसेच उभे. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी चपला फाटकाबाहेर रस्त्यावरच काढल्या आणि देवळात शिरावं तसे गोणी खांद्यावर घेऊन अनवाणी आत चालू लागले. "अवो, चपला तरी आत घ्या, कुत्री नेतील!" विहीणबाई ओरडल्या. आम्ही सगळे एकदम हसलो, आणि डोळेही पुसले.

वर सगळीकडे खोकी बांधलेली होती. साडूभाऊ हात मागे बांधून एकेक खोली हळूहळू पाहत फिरले. भिंतीवर पोराने ओढलेल्या खडूच्या रेघा त्यांनी वाकून पाहिल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी अडखळले, तेव्हा सायलीने सरळ हाताला धरून आत नेलं. ओट्याशी उभं राहून तिने चहा केला आणि ते तिच्या शेजारी उभे राहून बशीत ओतून ओतून प्याले. मग त्यांनी आणखी मागितला.

परतताना गाडी पेणजवळ आली. तेव्हा अक्काने विचारलं, "कसं वाटलं पोरीचं घर?"

"चांगलं हाय," साडूभाऊ म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "ओट्यापाशी खिडकी हाय तिच्या. पूर्वेला. सकाळी रांधताना ऊन येत असंल."

आम्ही गेलो होतो दुपारी, ते ऊन काही त्यांना दिसलं नव्हतं. आता तिथे भाडेकरू राहतात.