ब्रेक दाबला की हॉर्न

पोंभुर्ण्याचे देवराव पंधरा वर्षांपासून पिकअप चालवत. धान, बकऱ्या, मंडपाच्या खुर्च्या, काहीही न्यायचे. पण हॉर्न वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. रस्त्यात गाय बसली असली तरी काच खाली करून म्हणायचे, "सरक ना माय." अशा माणसाची गाडी एके दिवशी ब्रेक दाबला की हॉर्न वाजवू लागली.

दुसऱ्याच दिवशी एका गावी तेरवीच्या खुर्च्या पोचवायच्या होत्या. अंगणात बायका रडत होत्या. देवराव गाडी मागे घेऊ लागले. हातभर सरकायचं, ब्रेक मारायचा, आणि दर ब्रेकला पोंऽऽ! रडणं थांबलं. एक म्हातारी पदराआड हसू लागली. शेवटी घरधनी हात जोडून आला. "भाऊ, खुर्च्या तिथीच उतरवा. आमी आणतो उचलून."

हॉर्नची वायरच काढून टाकावी तर गाडीचं पासिंग जवळ आलेलं, आणि हॉर्नशिवाय गाडी पास होत नाही. चंद्रपूरच्या एका मिस्त्रीने बाराशे घेऊन हॉर्न बदलला. नवा जुन्यापेक्षा खणखणीत निघाला. दुसऱ्याला बॅटरीचा संशय आला, नव्या बॅटरीत सहा हजार गेले. तिसरा बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून च्यक् च्यक् करत राहिला नि म्हणाला, "पुरी वायरिंग गेली. अठरा हजार." देवराव गाडीत बसले आणि पोंऽऽ करत निघून आले.

पुढच्या आठवड्यात बल्लारपूरला माल उतरवताना एका हमालाने त्यांना रंजीताकडे धाडलं. आयटीआय शिकलेली ही बाई बिनबोर्डाच्या टिनाच्या शेडमध्ये गाड्यांची वायरिंग करायची. तिने बॉनेटला हातही लावला नाही.

"हे कवापासून होऊन राह्यलं, भाऊ?"

"महिना झाला."

"त्याच्या आधी गाडीत काई नवीन बसवलं काय?"

"पंखा लावला नं. मीच लावला," देवराव जरा फुशारकीने म्हणाले. "एकदम मजबूत."

रंजीताने डॅशबोर्डावरच्या पंख्याचा स्क्रू काढला. बोटभर लांब! तो आतल्या दोन वायरींतून आरपार गेला होता, एक ब्रेकलाइटची, दुसरी हॉर्नची. तिने दोन्हींना टेप गुंडाळला. देवरावांनी ब्रेक दाबला. शांतता. विश्वास बसेना म्हणून आणखी सात-आठदा दाबला.

"किती झाले?"

"दीडशे."

देवरावांचं तोंड उतरलं. "दीडशेच? बाई, नीट पाह्य ना. अजून काई खराब असन."

"सारं बरोबर आहे."

"बॅटरी?"

"नवीकोरी आहे तुमची."

"ते मले मालूम आहे!" ते कळवळून म्हणाले. "सात हजार घालून बसलो मी. तू पाचशे तरी घे."

"काऊन घेऊ? मेहनत तर सारी तुमीच केली."

घरी त्यांनी बायकोला, रुखमाबाईला, सगळं सांगितलं, स्क्रूसकट. ती इतकी हसली की चुलीवरचं दूध उतू गेलं.

आठ दिवसांनी देवराव पुन्हा बल्लारपूरला गेले, ते नऊशे रुपयांचा रंगवलेला बोर्ड घेऊन: 'रंजीता ऑटो इलेक्ट्रिक'. "एवढा खर्च कोणी सांगतला होता?" म्हणून रंजीता खूप रागावली. मग बोर्ड वर चढल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि हातातली पक्कड तशीच धरून कितीतरी वेळ बघत राहिली.