चांगदेवचे दोन टकोरे

विनोद दारू सोडून न्हावऱ्यात परतला, तेव्हा त्याची बायको पूनम त्याला ढोलकीला हात लावू देईना. "ढोलकी आन् बाटली एकाच पिशवीतनं घरी येत व्हती, मावशी," ती मला म्हणाली. व्यसनमुक्ती केंद्रातला समुपदेशक मात्र सांगून बसला होता की हात रिकामे ठेवू नका, रोज वाजवा. दोघांचंही खरं होतं. शेवटी मीच म्हटलं, दुपारी शेजारी माझ्या पडवीत येऊन वाजव आणि मिटवा हा वाद.

पूनम कबूल झाली, पण अटीवर. "एकदा जरी वास आला, तर पोरीला घिऊन खुटबावला जाईन." याआधी ती दोनदा माहेरी जाऊन परतली होती. तिसऱ्यांदा परतली नसती, हे विनोदलाही ठाऊक होतं.

सुरुवातीला त्याचे हात इतके थरथरत की कपबशी खुळखुळायची. तेच हात ढोलकीवर पडले की शांत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याची आणि यवतच्या चांगदेवची गायन पार्टी होती. जयंती असो, नामकरण असो, मयताचं पुण्यानुमोदन असो, शिरूर-दौंडच्या वस्त्यावस्त्यांतून त्यांना बोलावणं यायचं. चांगदेव पेटी वाजवी आणि गाई. पिण्यातही पुढे तोच. गाणं रंगात आलं की तो पेटीच्या लाकडावर बोटाच्या पेरानं दोन टकोरे मारी. लोकांना वाटे, ठेका देतोय. खरा अर्थ असा, की हे कडवं संपलं की मांडवामागं चला. विनोद केंद्रात असतानाच चांगदेव काविळीनं गेला. पोट फुगलं होतं म्हणे.

एके दुपारी मी तूरडाळ निवडत होते, विनोद वाजवत होता. दार वाजलं. टक, टक. उठून उघडलं तर बाहेर नुसतं ऊन, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. परत येऊन बसले, पुन्हा टक टक. या वेळी आवाज दारावर नव्हता. पडवीतच होता, विनोदच्या उजव्या हाताला. कार्यक्रमात चांगदेवची पेटी जिथं असायची, तिथं. माझ्या पडवीत पेटी नाही. विनोदचा हात थांबला होता.

"तुमाला बी आलं ऐकू?" त्यानं हळूच विचारलं. "मला वाटलं माझंच डोकं फिरलंय."

"पाल असेल. आपल्या बौद्धांत भूतखेत कुणी मानत नाही, विनोद."

"मी कुठं मानतोय, मावशी? पन त्यो मला मानतोय, त्याला काय करू?"

मी त्याला झापलं. माझं शिक्षण सायन्सचं. दार वाजलं तर दाराबाहेर माणूस असतो, एवढंच मला कळतं. पण टकोरे पडत राहिले. ते पडले की त्याची जीभ कोरडी पडे आणि पाय आपोआप चपलेकडे वळत. वाजवलं नाही तर हात दारू मागत, वाजवलं तर चांगदेव बोलवी. बरं, जायचं कुठं माणसानं?

चांगदेवच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमासाठी त्याच्या आईचा, पार्वतीबाईंचा, फोन आला. "माझ्या लेकाच्या गाण्याला दुसऱ्याची ढोलकी नको रं बाबा." विनोद नाही म्हणू शकला नाही. पूनम म्हणाली, "मी बी येते. म्होरंच बसते."

मीही त्यांच्याबरोबर गेले. यवतच्या विहारात सकाळीच कार्यक्रम होता. पेटीवर आता ज्ञानदेव होता, सुपारीचंही व्यसन नसलेला. तो विनोदच्या डावीकडे बसला होता, चांगदेवची उजवीकडची जागा रिकामीच ठेवली होती. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. दुसरं गाणं ऐन भरात आलं आणि ते आलंच. टक, टक. मी ज्ञानदेवच्या हातांकडेच बघत होते. दोन्ही हात कामात होते.

मागच्या रांगेतले हौसराव आणि गेणबा उठले. चांगदेवच्या मागोमाग मांडवामागं जाणारी ही जुनीच मंडळी. मान खाली घालून दोघं दारातून बाहेर पडले.

विनोदही उठायला गुडघ्यावर आला. ढोलकी मांडीवरून घसरली. पूनमनं पोरीला जवळ ओढलं. ती त्याच्या पायांकडे बघत राहिली.

विनोद उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे वळला आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "तू हो म्होरं, चांगद्या. माझं गानं चालू हाय." मग मांडी घातली, ढोलकी ओढून घेतली, निसटलेली मात्रा पकडली. शेवटच्या गाण्यापर्यंत तो उठला नाही. पाणीसुद्धा बसल्या जागी मागितलं.

बाहेर आलो तर हौसराव उन्हात तसाच उभा. "बाई, आमाला कुनी बोलवलं वं?" त्यानं मला विचारलं.

परतताना एसटी निम्मी रिकामी होती. मी विनोदला विचारलं, "गेला का रे तो?"

"न्हाई. त्यो बोलवायचा सोडत न्हाई, मावशी. मी रोज न्हाई म्हनायचं."

"आत्ता बी हाय का?" पूनमनं विचारलं.

"मागच्या शिटावर."

पूनमनं पोरीच्या डोक्यावर आपला पदर ओढला. "तिकीट काढलंय का म्हनावं."

विनोद हसला. मी हसले नाही. चौफुला येईपर्यंत मी मागं वळूनही पाहिलं नाही.