आत्याच्या घरी पाणी येण्याच्या वाटा

माझी आत्या पडदे शिवते. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढची कामाची, मागची राहायची. मशीनवर बसल्या बसल्या गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची खबर तिला असते. गल्लीच्या टोकाला नदी आहे, आणि त्या नदीचा तिने असा काही धसका घेतला होता की गवंड्याकडून पुढच्या दारात गुडघाभर उंच भिंतच बांधून घेतली. घरात जायचं तर ढांग टाकून. गिऱ्हाइकं अडखळायची, वैतागायची. आम्ही त्या भिंतीला किल्ला म्हणायचो.

"हसा, हसा," आत्या म्हणायची. "नदी आली की माझ्याच दारात येऊन उभे राहाल."

नदी काही आली नाही. एका दुपारी धो धो पाऊस झाला, नदी आपल्या पात्रात निवांत होती, आणि पाणी आलं ते न्हाणीघरातल्या मोरीतून. काळं, घाणेरडं, बुडबुडे काढत. रस्त्याखालचं गटार तुंबलं होतं आणि आत्याचं घर गल्लीत सगळ्यांत खोलगट जागी. आत आलेलं पाणी आता जाणार कुठे? दारात किल्ला! मी आणि आत्या बादल्या भरभरून भिंतीवरून रस्त्यावर ओतत होतो, आणि समोरचे लोक छत्र्या धरून गंमत बघत होते. मलाही हसू आवरेना. मग आत्याकडे पाहिलं तर ती रडत होती. जमिनीवर रचलेले, शिवून तयार झालेले सगळे पडदे वाया गेले होते.

संध्याकाळी ताई आली. ताई म्हणजे आत्याची लेक. ती गावाच्या उंच भागात, चौथ्या, सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहते.

"आई, बस झालं आता. हे घर विकून टाक आणि माझ्याकडे चल."

आत्याने हे घर शिलाईच्या कमाईवर घेतलेलं. ते सोडायचं म्हणजे मशीन, गिऱ्हाइकं, गल्ली, सगळंच सोडायचं.

"हा पावसाळा जाऊ दे," आत्या म्हणाली. "घरात पुन्हा पाणी आलं, मग ते कुठूनही येवो, तर मी मुकाट्याने येईन."

ताईने ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ताई तशी पक्की आहे.

पडदा तपासायचा तो उलटा करून, शिवणीच्या बाजूने, ही आत्याची सवय. घरही तिने तसंच तपासलं. पाऊस लागला की मशीन सोडून आतून घरभर हिंडायची, भिंतींना हात लावायची, ओल दिसेल तिथे शिवणाच्या खडूने खूण करायची. मला वाटलं, झालं, आत्याचं डोकं फिरलं! पण त्या खुणा नदीच्या बाजूला नव्हत्याच. रस्त्याच्या उतारावरून येणारं पावसाचं पाणी मागच्या दाराशी साठत होतं. स्वयंपाकाच्या ओट्याखाली तर पाणी जमिनीतूनच पाझरत होतं.

"इतकी वर्षं मी एकाच पाण्याला घाबरत बसले गं," आत्या म्हणाली, आणि तिने प्लंबरला बोलावलं.

"मावशी, मोरीच्या पाइपात व्हॉल्व्ह बसवू," तो म्हणाला. "पाणी बाहेर जाईल, उलटं येणार नाही. पण गटार तुंबलेलं असताना तुम्हीही मोरीत पाणी ओतायचं नाही. तेही अडकेल."

"आणि ओट्याखालचं?"

"ते जमिनीतलं. कमी करता येईल. बंदच होईल असं छातीठोकपणे नाही सांगत."

गवंड्याने मागच्या अंगणाचा उतार फिरवून घराबाहेर काढला. किल्ला पाडला. नदीची भीती काही खोटी नव्हती, म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना खाचा केल्या. पुराचा इशारा आला की त्यांत फळी बसवायची. कापडाचे गठ्ठे मांडणीवर चढले, मशीनचं बटणही भिंतीवर वर गेलं.

पावसाळा सरता सरता पुन्हा तसाच पाऊस कोसळला. ताई रिकामी बॅग घेऊनच हजर झाली. आम्ही तिघी न्हाणीघराच्या दारात उभ्या. मोरी गुडगुडली, पण थेंबही वर आला नाही. मागचं अंगण वाहत होतं ते बाहेरच्या बाजूला. मी आनंदाने उडी मारणार, तेवढ्यात ओट्याखाली लक्ष गेलं. फरशीच्या सांध्यातून पाणी झिरपून बशीएवढं थारोळं झालं होतं. मी पटकन त्यावर पायपुसणं सरकवलं.

आत्याने ते बाजूला केलं.

"इकडे ये गं," तिने ताईला हाक मारली. "हे बघ. आलं पाणी. मी शब्द दिला होता."

मला आत्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. ताई खाली वाकून बघत राहिली. मग तेच पायपुसणं घेऊन तिने थारोळं टिपलं, पिळलं, पुन्हा टिपलं. उठलीच नाही.

"आई," ती खालमानेने म्हणाली, "माझ्याकडे छत गळतं. पलंगाशेजारी बादली ठेवून झोपते मी. दोन वर्षं झाली."

"आणि मला तिथे राहायला बोलावत होतीस?"

"तू आलीस तर काहीतरी करशील असं वाटायचं. घर विकायचं राहू दे आता."

आत्याने तिला उठवलं, पोटाशी धरलं, आणि पाऊस थांबायची वाटही न बघता चपला पायात सरकवल्या.

"चल, दाखव कुठे गळतंय ते," ती म्हणाली. "रात्री मी माझ्या घरी परत येणार आहे."