तीन मिनिटं छप्पन्न सेकंद

गल्लीत त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? पण त्या नावात नुसता धंदा नव्हता, स्वभावही होता. जेवण आठला म्हणजे आठला घास तोंडात. दोन मिनिटं उशिरा पानावर येणाऱ्याला ते असं काही ऐकवत की त्याची भूकच मरून जाई. "या माणसाशी संसार म्हणजे रोजची परीक्षा," असं बायको म्हणायची, पण तेही ते दुकानात असताना. वेळेच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची घरात कुणाची छाती नव्हती, दहा वर्षांच्या लेकीची तर नव्हतीच नव्हती.

ती लेक आता पन्नाशीला टेकली आहे. स्वतःच्या गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावला की तिला शनी नंतर दिसतो, आधी बाप दिसतो. वाकलेला, एक डोळा मिटलेला, श्वास रोखून धरलेला.

पहिली दुर्बीण त्यांनीच जुन्या बाजारातून आणली होती, लेकीच्या वाढदिवसाला. हातभर लांबीची, नवशिक्यांसाठी असते तसली, आणि तीन पायांतला एक लंगडा. संध्याकाळी दोघं गच्चीवर गेली. चंद्रावरचे खड्डे बघून लेक किंचाळलीच. मग काटेसाहेब वाकले. नळी पुढे-मागे सरकवत राहिले. शेवटी म्हणाले, "उलटा दिसतोय. कुणी जोडलीय ही?" पण डोळा काही काढला नाही. साडेआठला आई बोलवायला वर आली तेव्हा जेवणाची वेळ टळून अर्धा तास झाला होता, आणि त्या घरात त्यावर पहिल्यांदाच कुणी कुणाला बोललं नाही.

ज्या उस्तादांकडे ते काम शिकले, ते म्हणायचे, "माणसाने लावलेल्या घड्याळावर पुरता भरवसा ठेवू नकोस. खरी वेळ वर आभाळात असते." काटेसाहेबांनी हे वाक्य मनात जपून ठेवलं होतं. रेडिओवरची वेळ ते मानत, पण नाइलाजाने. तिथेही शेवटी कुणीतरी माणूसच बसलेला ना! आता हातात दुर्बीण आल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी तिचे पाय काढून टाकले आणि ती गच्चीच्या कठड्याला दोन पट्ट्यांनी आवळून पक्की बसवली. आत लेकीच्या डोक्याचा एक केस उभा ताणला. रोजचा ठरवलेला एक ठळक तारा त्या केसाला भिडला की ते ओरडत, "आला!" आणि लेक दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून आणलेल्या हातातल्या घड्याळात बघून वेळ सांगे.

पहिल्या संध्याकाळी तारा सात चाळीसला आला. दुसऱ्या दिवशी जवळजवळ चार मिनिटं आधी. तिसऱ्या दिवशी आणखी तितकाच आधी. अगदी बरोबर सांगायचं तर तीन मिनिटं छप्पन्न सेकंद.

कुणी साधा माणूस असता तर म्हणाला असता, येत असेल बुवा तारा लवकर. काटेसाहेब घड्याळजी होते. त्यांचा चेहरा पडला. "तारा कसा चुकेल? दुकानातलं भिंतीवरचं घड्याळच मागे पडतंय. बावीस वर्षं मी लोकांना चुकीची वेळ देतोय." त्यांनी लंबकाखालची चकती फिरवून फिरवून घड्याळाचा वेग वाढवला, आणि एका रविवारी तारा आणि घड्याळ यांची अखेर गाठ पडली. त्या रात्री स्वारी इतकी खूश होती की त्यांनी बायकोची थट्टासुद्धा केली. सोमवारपासून दुरुस्तीला आलेलं प्रत्येक मनगटी घड्याळ त्याच वेगाला लावायला सुरुवात झाली.

त्याच सोमवारी लेकीने शाळेत त्या तीन मिनिटं छप्पन्न सेकंदांची गोष्ट सांगून बाबांची फुशारकी मारली. विज्ञानाच्या बाई हसल्या. "अगं, तारे रोज तेवढे आधीच येतात. पृथ्वी सूर्याभोवतीही फिरते ना, म्हणून. आपली घड्याळं सूर्यावर चालतात, ताऱ्यांवर नाही." मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "पण हे मोजलं कुणी? सेकंदापर्यंत बरोबर आहे!"

लेकीचा ऊर अभिमानाने भरून आला आणि त्याच क्षणी तिला दुकानातून बाहेर पडणारी घड्याळं आठवली. धावत दुकानात आली तर बाबा एका बस ड्रायव्हरच्या हातात त्याचं घड्याळ देत होते. "आता हे आभाळाशी जुळवलंय," ते सांगत होते. चेहरा नुसता उजळला होता. लेकीने तोंड उघडलं आणि मिटलं. मंगळवारीही तेच झालं. बुधवारी तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, "मला नको बाई त्यात ओढू."

शनिवारी ड्रायव्हर दुकानात शिरला तो ओरडतच. "शेवटच्या थांब्यावरून वीस मिनिटं आधी गाडी काढली मी! अर्धी माणसं मागे बोंबलत धावत होती! तुम्ही दिलेलं घड्याळ, म्हणून डेपोच्या घड्याळाकडे बघितलंही नाही मी."

"तुमच्या डेपोचंच मागे असेल," काटेसाहेब म्हणाले.

ड्रायव्हर त्यांच्याकडे बघतच राहिला. तो आता काय बोलेल, आणि मग गल्ली काय बोलेल, हे लेकीला लख्ख दिसलं. "बाबा," ती म्हणाली, "डेपोचं बरोबर आहे." आणि बाईंनी सांगितलेलं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

ते ओरडले नाहीत. त्यांनी दोनदा विचारलं, नीट समजून घेतलं, ड्रायव्हरचं घड्याळ तिथल्या तिथे लावून दिलं आणि हात जोडले. मग दुकान बंद करून, लेकीला बरोबर घेऊन, आठवड्यात दिलेल्या उरलेल्या दहा घड्याळांच्या मागे निघाले. प्रत्येक दारात एकच वाक्य: "माझी चूक झाली, घड्याळ द्या जरा." कुणी हसलं, कुणी चहा दिला, एका म्हातारीने चांगलंच झाडलं.

परतताना अंधार पडला होता. ते म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शनिवार."

ती रडायला लागली. ते रस्त्यातच थांबले. "घड्याळ दुरुस्त करता येतं मला," ते म्हणाले. "पण माझी पोर पाच दिवस मला घाबरून गप्प बसली. हे कसं दुरुस्त करायचं?"

त्यांनी ते आपल्या पद्धतीने केलं. दुसऱ्या दिवसापासून रात्री जेवताना ते विचारू लागले, "आज माझं काय चुकलं?" सुरुवातीला सगळ्यांची पाचावर धारण बसे. मग हळूहळू आईने तोंड उघडलं, आणि एकदा उघडल्यावर ते मिटेना. लेकही सांगू लागली. आवाज चढवलात, ऐकून घेतलं नाहीत, माझ्या मैत्रिणीला उगाच टोकलंत. तेही निमूट ऐकत, कधी फणकारत, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत. लग्न होऊन ती दूर गेली तेव्हा फोनवर विचारत. अशी तीस वर्षं गेली.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात ती उशाशी बसली होती. आवाज जेमतेम उरला होता. त्यांनी विचारलं, "आज माझं काय चुकलं?"

"काही नाही, बाबा."

ते किंचित हसले. "म्हणजे अजून घाबरतेस," म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले. ती घाबरली नव्हती. खरंच काही चुकलं नव्हतं. ते उठले की सांगू, असं तिने ठरवलं होतं.